गेट लागलं

नागपुरात रेल्वेचे शौकीन पुष्कळ आहेत आणि त्यात नवल काही नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या देशाच्या दोन मोठ्या वाटा इथे एकमेकींना छेदतात. अजनीला विजेच्या इंजिनांची शेड आहे, मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, आणि स्टेशनाजवळच्या डायमंड क्रॉसिंगचं नाव रेल्वेशी काही देणंघेणं नसलेल्यांनाही ठाऊक असतं. माझे या मंडळींतले मित्र लांबून येणारं इंजिन पाहून त्याची शेड सांगतात. त्यांच्या वह्यांत इंजिनांचे क्रमांक असतात, माझ्या वहीत फाटकांचे.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. सुट्टीच्या दिवशी दुचाकी काढून कधी कळमेश्वर-काटोलकडे, कधी बुटीबोरीकडे, कधी कन्हान-रामटेकच्या वाटेला निघतो आणि एखाद्या फाटकापाशी, रस्त्याच्या कडेला, रुळांपासून दूर उभा राहतो. फाटकाचा क्रमांक, किलोमीटर, वर्ग, दांडा हाताने चालतो की विजेवर, रस्त्याकडे कोणता दिवा आहे, घंटी आहे की भोंगा, हे लिहून घेतो. शक्य असेल तर पेन्सिलीने रेखाचित्र काढतो. फोटोत दिसत नाही ते चित्र काढताना दिसतं, कारण तार कुठून कुठे गेली हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही.

लोकांना हे पटकन कळत नाही, फाटकवाल्यांना तर मुळीच नाही. काटोलच्या बाजूला एका फाटकावर मी चित्र काढत असताना गुमटीतून, म्हणजे फाटकाशेजारच्या गेटमनच्या खोलीतून, एक वयस्कर गेटमन बाहेर आले.

"काहून लिहून राहिले, साहेब? कंप्लेंट आहे का काही?"

"नाही हो काका, कंप्लेंट कशाची? मला फाटकं पाहायला आवडतात."

"फाटकात काय पाह्याचं?"

मी वही पुढे केली. त्यांनी चित्र निरखून पाहिलं, दांड्याच्या मागच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे लहान काढलं तुम्ही. दांड्याकडे काय पाहता, मांगच्या वजनाकडे पाहा. काम तर थेच करते."

काका बरोबर बोलत होते. फाटकाचा दांडा म्हणजे एक तराजू आहे. लांब भुजेवर हलका दांडा, आखूड भुजेवर लोखंडाची जड वजनं, आणि मधला आस. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखं ठेवलेलं असतं, म्हणून विंचचं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या चाकाचं, हँडल एका हाताने फिरवून माणूस तो लांबलचक दांडा खाली आणतो. पलीकडच्या बाजूचा दांडाही त्याच विंचवर खाली येतो. त्याची तार रुळांखालून जाते. वर्गात मुलांना मी बलाचं आघूर्ण शिकवतो तेव्हा आता पुस्तकातली पट्टी-सुरी काढत नाही, फाटक काढतो. दांडा खाली येऊ लागला की विंचवरची घंटी वाजायला लागते. ती विजेवर चालत नाही, फिरणाऱ्या चाकाबरोबरच वाजते. म्हणजे घंटी वाजते आहे याचा अर्थ कोणीतरी हँडल फिरवतं आहे. विजेच्या नव्या फाटकांवरचा भोंगा मोठा असतो, लांबवर ऐकू जातो, जास्त उपयोगाचाही आहे. तरी कानाला मला ती जुनी घंटीच आवडते.

दांड्याच्या मधोमध लाल तबकडी असते आणि अंगावर पट्टे, रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारे. एवढं सगळ्यांना दिसतं. दांड्याखालच्या जमिनीकडे मात्र कोणी पाहत नाही. रस्ता रुळांना ओलांडतो तिथे मुख्य रुळाच्या आतल्या अंगाला आणखी एक रूळ टाकलेला असतो. त्याला चेक रेल म्हणतात. चाकाची कड जायला दोघांच्या मध्ये फट हवी आणि ती ब्रॉडगेजवर ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवतात. त्याहून कमी झाली तर चाक अडेल, जास्त झाली तर बैलाचा खूर किंवा सायकलचं चाक अडकेल. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, त्यावरून हजारो टनांची मालगाडी जाणार, आणि तिच्यासाठी आखलेल्या मापात बैलाच्या खुराचाही हिशेब. मला हे फार मोठं वाटतं.

वरच्या बाजूलाही असाच हिशेब आहे. विजेची तार फाटकावर रस्त्यापासून किमान साडेपाच मीटर उंच हवी. तिच्यात २५,००० व्होल्ट असतात. म्हणून फाटकाच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर लोखंडी कमान उभी करतात, हाइट गेज, ४.६७ मीटरवर. ज्याचा माल कमानीला लागला त्याने पुढे जायचं नाही. कडब्याने भरलेल्या ट्रकांनी घासून घासून वाकवलेल्या कमानी मी पाहिल्या आहेत. प्रत्येक पोचा म्हणजे तारेपर्यंत न पोहोचलेला एक ट्रक आहे.

पण एवढ्यावर हा छंद टिकला नसता. दांडा, घंटी आणि दिवे ही रस्त्याकडून दिसणारी बाजू आहे. मला बांधून ठेवलं ते रुळांकडच्या बाजूने.

काही फाटकांच्या अलीकडे रुळालगत एक सिग्नल असतो आणि त्याच्या खांबावर पिवळी गोल पाटी, तिच्यावर काळ्या रंगात इंग्रजी 'जी'. हा गेटचा सिग्नल. फाटक इंटरलॉक असेल तर या सिग्नलचा आणि दांड्याचा संबंध असा की दांडे पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. गेटमनने ठरवलं तरी नाही, स्टेशन मास्तरने हुकूम दिला तरी नाही. कुलपाची किल्ली फिरली, दांडा जागेवर असल्याचं यंत्राला कळलं, तरच पुढची वाट मोकळी होते. उलट्या दिशेनेही तेच. एकदा सिग्नल हिरवा दिला की दांडा उचलता येत नाही. आधी सिग्नल लाल करावा लागतो, आणि गाडी जवळ आलेली असेल तर लाल केल्यावरही ठरावीक वेळ जाऊ द्यावा लागतो. रस्त्यावर दोनशे मोटारी हॉर्न वाजवत असोत, कोणी नगरसेवक खाली उतरून ओरडत असो, ती किल्ली सुटत नाही. लोक गेटमनवर चिडतात. त्या क्षणी त्याच्या हातात काही नसतं, आणि तसं नसणं हीच या यंत्राची खरी करामत आहे.

दांडा ट्रकने मोडला तर? मग दांडा जागेवर असल्याचा पुरावाच तुटतो आणि सिग्नल लाल होतो किंवा लालच राहतो. वायर तुटली, वीज गेली, तरी हिरवा लागत नाही, आणि दिवाच विझला तर तोही लालच मानायचा. सिग्नलच्या कामातले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असे बनवतात की प्रवाह थांबला की त्यांचा भाग स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि खाली पडलेली स्थिती म्हणजे धोका. 'सगळं ठीक आहे' हे सांगायला वीज लागते, धोका सांगायला लागत नाही. हा विचार जुना आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये रुळांतूनच प्रवाह सोडून गाडीची उपस्थिती ओळखणारं सर्किट केलं त्याच्या मुळाशी हाच विचार होता. रूळ तुटला तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल लाल होतो. गुरुत्वाकर्षण कधी नादुरुस्त होत नाही, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं हसतात, पण सगळी सिग्नल यंत्रणा त्या वाक्यावर उभी आहे.

आणि गेटचा सिग्नल लालच राहिला तर गाडीने काय करायचं, यालाही नियम आहे. 'जी' पाटी असलेल्या लाल सिग्नलपाशी लोको पायलटने थांबायचं, शिट्टी वाजवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट पाहायची. मग सावकाश फाटकापर्यंत यायचं. तिथे गेटमन हात-सिग्नल दाखवत असेल तर ओलांडायचं. गेटमन नसेल तर थांबून फाटकाची खात्री करायची, तेव्हाच पुढे. बुटीबोरीच्या अलीकडे एकदा एक मालगाडी अशी थांबलेली मी दुरून पाहिली. शिट्टी, शांतता, आणि नंतर ती प्रचंड गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने पुढे आली. फाटकावर गेटमन हिरवी झेंडी धरून उभा होता. एवढ्या लोखंडाने एका झेंडीसाठी थांबायचं हे कोणी, कधी, कशासाठी ठरवलं असेल याचा विचार करत मी बराच वेळ तिथे होतो.

सगळीच फाटकं इंटरलॉक नसतात. जिथे नाहीत तिथे सिग्नल आणि दांडा यांच्यात यंत्राचा दुवा नाही, माणसाचा आहे. गुमटीत एक टेलिफोन असतो. जुना असेल तर मॅग्नेटोचा, हँडल फिरवून घंटी द्यायची. स्टेशन मास्तर फोन करतो, अमुक गाडी येते आहे. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि फोनवर एक नंबर सांगतो. हा प्रायव्हेट नंबर. दोन आकडी संख्यांचा छापील कागद त्याच्याकडे असतो. आकड्यांना क्रम नसतो, त्यामुळे पुढचा नंबर अंदाजाने सांगता येत नाही. एक सांगितला की त्यावर काट मारायची. मास्तर तो आपल्या वहीत लिहितो. या नंबराचा अर्थ एवढाच की या गाडीसाठी या माणसाने फाटक लावल्याचं स्वतः सांगितलं आहे.

काटोलकडच्या त्या काकांना मी याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "नंबर देल्ला म्हणजे जबान देल्ली. आधी दांडा, मंग नंबर. उलटं करणारा माणूस या कामाचा नाही."

फाटकाच्या सगळ्या सामानात मला हा कागद सर्वांत विलक्षण वाटतो. लोखंड नाही, वीज नाही, आकडे आहेत आणि शब्द आहे. पण याच ठिकाणी सगळं दुबळंही आहे, आणि छंदाच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवणं मला पटत नाही. दांडा वर असताना नंबर देता येतो. कागद त्याला अडवत नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकावर गाडीने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन मुलं गेली. ते फाटक इंटरलॉक नव्हतं. त्यानंतर फाटकांवर सीसीटीव्ही बसवायचे, फोनवरच्या संभाषणाची रेकॉर्डिंग तपासायची, आणि इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा २०,००० वरून १०,००० वर आणायची असे आदेश निघाले.

टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट, हा फाटकवेड्यांचा आवडता आकडा आहे, तो समजून घ्यायला हरकत नाही. दिवसभरात किती गाड्या जातात आणि रस्त्याने किती वाहनं जातात याचा गुणाकार. मोटार एक, बैलगाडीही एक, ऑटोरिक्षा आणि सायकलरिक्षा अर्धी. साठ गाड्या आणि पाचशे वाहनं असतील तर ३०,०००. हा गुणाकार एक लाखाच्या पुढे गेला की उड्डाणपुलाचा विचार होत आला आहे. कळमेश्वरच्या रस्त्यावर उभं राहून मीही मोजणी करतो. आंबिया बहाराच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, संत्र्याने भरलेल्या गाड्यांमुळे हा आकडा चढतो आणि गेट लागलं की शेंगा आणि बोरं विकणाऱ्या बायांची दहा मिनिटांची बाजारपेठ उघडते. सरकारी तक्त्यात ती कुठे मोजत नाहीत.

परदेशात हा छंद वेगळ्या अंगाने वाढला आहे. अमेरिकेत लोक निवृत्त झालेले फाटकाचे दिवे आणि घंट्या विकत घेऊन स्वतःच्या अंगणात उभ्या करतात, तारा जोडतात, मोटर दुरुस्त करतात. तिथला सर्वांत लाडका नमुना म्हणजे विगवॅग. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेत अल्बर्ट हंटने १९०९ मध्ये तो बनवला. लाल दिवा बसवलेली तबकडी लंबकासारखी डावी-उजवीकडे डोलते. फाटकावर कंदील हलवत उभ्या राहणाऱ्या माणसाची ती यंत्राने केलेली नक्कल होती. जपानात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं फाटक, आळीपाळीने लागणारे दोन लाल दिवे आणि घंटी, यांचे आवाज जमवणारे लोक आहेत. तिथल्या फाटकांवर रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दाबता येईल असं आणीबाणीचं बटण असतं, ते मला आपल्याकडे हवंसं वाटतं.

ब्रिटनमध्ये आपोआप पडणारं अर्धं फाटक पहिल्यांदा १९६१ मध्ये स्पॅथला बसलं. त्यात दांडा रस्त्याच्या एकाच बाजूला येतो आणि माणूस कोणी नसतो. ६ जानेवारी १९६८ ला हिक्सनच्या तशा फाटकावर १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर नेणारं अवजड वाहन हळूहळू रूळ ओलांडत होतं. दिवे लागल्यापासून गाडी येईपर्यंत २४ सेकंद मिळायचे. तेवढ्यात ते वाहन पार झालं नाही आणि गाडी त्याच्यावर आदळली. अकरा माणसं गेली. तिथे फोन होता. वाहन नेणाऱ्यांनी तो आधी करायला हवा हे त्यांना माहीत नव्हतं. ही हकिगत मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना सांगतो, वेग आणि अंतर शिकवताना.

हे सगळं वाचलं की लक्षात येतं की तिकडे सामान रस्त्यावरच्या माणसाशी बोलतं. थांब, गाडी येते आहे. म्हणून तिकडच्या शौकिनाला दिवा आणि घंटी हवी असते, ती घरी नेली तरी तिचं काम दिसतं. आपल्याकडचं खरं सामान रस्त्याशी बोलतच नाही. दांडा किल्लीशी, किल्ली सिग्नलशी, गेटमन मास्तरशी, मास्तर गाडीशी. आपल्या फाटकाचा एखादा तुकडा कोणी घरी नेला तर हाती फक्त लोखंड लागेल. जमवायचा असेल तर तो क्रम जमवायला हवा, कोणतं आधी आणि कोणत्याशिवाय कोणतं होत नाही. माझ्या वहीतली चित्रं म्हणूनच हळूहळू वस्तूंची राहिली नाहीत, बाणांची झाली.

गेटमन या क्रमातला एक भाग आहे आणि त्याच्या अंगावर पडणारं काम रस्त्यावरून कोणाला दिसत नाही. गाडी जाते तेव्हा तो गुंडाळलेले झेंडे हातात घेऊन उभा राहतो, कारण त्याला गाडी तपासायची असते. डब्याखाली काही लोंबतं आहे का, आस तापून धूर येतो आहे का. दिसलं तर लाल दाखवायचं. रुळांवर ट्रॅक्टर बंद पडला आणि गाडी येणार असेल तर त्याने लाल झेंडी किंवा कंदील घेऊन गाडीच्या दिशेने धावायचं. ब्रॉडगेजवर फाटकापासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाक त्यावरून गेलं की स्फोट होतो आणि लोको पायलट ब्रेक लावतो. मे महिन्यात दुपारी, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, मी कन्हानच्या बाजूला रुळांना समांतर जाणाऱ्या रस्त्यावरून तेवढं अंतर झपाझप चालून पाहिलं. तोंड कोरडं पडलं. त्याला ते खडीवरून, धावत, समोरून गाडी येत असताना करायचं असतं.

कन्हानचं नाव घेतलं की आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ३ फेब्रुवारी २००५ ला नागपूर जिल्ह्यात, कन्हानच्या परिसरात, लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली रेल्वेच्या मानवरहित फाटकावर गाडीखाली आली. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या फाटकावर दांडा नव्हता, गुमटी नव्हती, नंबर नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या १३१ व्या कलमाने अशा ठिकाणी गाडी थांबवून, कंडक्टरने किंवा सोबतच्याने, तो नसेल तर चालकाने स्वतः उतरून दोन्हीकडे पाहायचं असतं. वऱ्हाडाच्या गडबडीत, वाजंत्रीच्या आवाजात हे कोण करणार? सगळी जबाबदारी एका कलमावर आणि एका पाटीवर टाकलेली होती. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली, ही मला या देशातल्या रेल्वेची गेल्या कित्येक वर्षांतली मोठी कामगिरी वाटते. तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

मग फाटकांवर प्रेम करणाऱ्या माणसाने फाटकं राहावीत असं म्हणायचं का? मी म्हणत नाही. मनीषनगरच्या फाटकाने वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांचा, दवाखान्यात निघालेल्यांचा, कामावर जाणाऱ्यांचा किती वेळ खाल्ला ते आम्ही नागपूरकरांनी पाहिलं आहे. तिथे उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग झाला, उत्तम झालं. रूळ आणि रस्ता वेगवेगळ्या पातळीवर नेणं हाच खरा उपाय आहे. लागलेल्या दांड्याखालून दुचाकी वाकवून नेणाऱ्यांना मी स्वतः टोकतो. बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे रेल्वे कायद्याचं १६० वं कलम पाठ असल्यामुळे लगेच सांगतो. कोणी ऐकतं, कोणी हसून निघून जातं.

फाटक गेल्याचं मला दुःख नाही. पण त्याच्याबरोबर तो क्रमही निघून जातो आणि कोणी लिहून ठेवत नाही, याची मला टोचणी आहे. पूल झाला की दांडा, विंच, तारा भंगारात जातात. गुमटी पाडतात. इंजिन संग्रहालयात जातं, रंगवून चौथऱ्यावर उभं राहतं, मुलं त्याच्याशेजारी फोटो काढतात. विंचपाशी कोण फोटो काढणार?

नागपूर-नागभीड नॅरोगेजचं उदाहरण जवळचं आहे. १९०८ मध्ये सुरू झालेली ती अडीच फुटी वाट नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली. शेवटच्या दिवसांत इतवारीपासून उमरेड, भिवापूरपर्यंत लोक गाडीचे फोटो काढत होते, डब्यांवर हात ठेवून उभे होते. मीही होतो. शंभरहून अधिक वर्षं त्या वाटेवर बैलगाड्या, दिंड्या, वऱ्हाडं थांबली असतील त्या फाटकांचे फोटो मी नंतर ओळखीच्यांकडे मागितले. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात, डब्याच्या मागे, अर्धा दांडा दिसतो. त्या अर्ध्या दांड्यावरून मी वजनांची जागा शोधत बसतो.

मोतीबागेचं संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. मी दरवर्षी शाळेतली मुलं तिथे नेतो. माझ्या मनात एक साधी मागणी आहे. तिथे किंवा अशा कुठल्याही ठिकाणी एक चालतं फाटक उभं करावं. दोन दांडे, विंच, कुलूप, किल्ली, एक सिग्नल, आणि दोन टोकांना मॅग्नेटोचे दोन फोन. एका मुलाला मास्तर करावं, एकाला गेटमन. गेटमनला सांगावं की दांडा वर ठेवून सिग्नल हिरवा करून दाखव. तो खटपट करेल, जोर लावेल, किल्ली फिरणार नाही. मग इंटरलॉकिंग काढून घ्यावं, फक्त फोन आणि नंबरांचा कागद द्यावा, आणि तोच खेळ पुन्हा खेळावा. दोन्हींतला फरक दहा वर्षांच्या मुलालाही पाच मिनिटांत कळेल.

ते होईपर्यंत आम्ही शाळेत लाकडाचं एक फाटक केलं आहे. दांडा नीट तोलला जातो, विंचला घंटी आहे, दिवे बॅटरीवर लागतात. किल्लीचं कुलूप मात्र अजून जमलेलं नाही. मुलांनी केलेलं कुलूप जोर लावला की सुटतं, म्हणजे ते कुलूपच नाही. नववीतल्या एका मुलीने किल्ली दोन टप्प्यांत फिरवायची युक्ती सुचवली आहे. पहिल्या टप्प्यात दांडा अडकतो, दुसऱ्यात सिग्नलचं सर्किट जुळतं. कागदावर ते बरोबर दिसतं आहे. पितळेची पट्टी इतवारीत मिळेल, ती कापून द्यायला ओळखीचे एक टर्नर तयार आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे नागभीड वाटेवरच्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही जुन्या फाटकाचा फोटो असेल, कुलूप दिसत असेल तर फारच उत्तम, त्याच्या मागे गाव आणि साल लिहून ठेवा. आम्हाला दाखवलात तर कुलपाचं तोंड डावीकडे होतं की उजवीकडे, एवढं तरी त्यातून कळेल.